काडी

कागदावर ती कारवानी मादी, रंग वाळूचा,
वय दोन वर्षं चार महिने.
घरी काडी.
कोपरखैरण्याच्या आमच्या इमारतीत
तिच्या फासळ्या लांबूनही मोजता येतात, म्हणून
तळमजल्यावरच्या ताम्हनकरबाई दर दोन दिवसांनी विचारतात,
"हिला घालता ना हो काही खायला?"
घालतो. आमच्यापेक्षा बरं घालतो.
जातच तशी, बाई,
वाऱ्याला अडायला जागा नको म्हणून
पिढ्यान्‌पिढ्या तासत आणलेली.

पहिल्या वर्षी वाशीला गेलो.
तिच्या गटात कुत्री तीन. तिसरा नंबर आला.
रेणूने फीत उशीखाली ठेवली,
कुणी विचारलं की सांगायची, "तिसरी",
कितीतली, ते नाही.

मग सहा महिने रोज पहाटे
जिन्याखालच्या फरशीवर
चार चौकटींत चार पाय.
मागचे जरा लांब, मान वर,
शेपूट तिची तिला सुचेल तशी.
कुर्त्याच्या खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे
तसेच राहायचे, मी तशीच लॅबमध्ये.
रक्त द्यायला आलेले लोक हात पुढे करून
नाक वर करायचे.
स्पिरिट, मी सांगायचे.

खारघरला ती पळाली.
म्हणजे मी पळाले,
ती माझ्या बाजूने नुसती वाहत होती.
परीक्षकाने ओठ उचलून दात पाहिले,
पाठीवरून हात फिरवला,
रंधा मारलेल्या फळीवरून सुतार फिरवतो तसा,
आणि बोट आमच्याकडे केलं.
चषक सोनेरी, प्लास्टिकचा, एक कान सैल.
सोसायटीच्या फलकावर हार्दिक अभिनंदन लागलं,
'लिफ्टमध्ये कुत्री आणू नयेत'च्या बरोबर खाली.
सही त्याच सचिवांची.

यंदा ठाण्याला.
भोईरांचा ग्रेट डेन मांडवाच्या सावलीत
दर वर्षीसारखा घोरत होता.
जयवंत भोईर म्हणाले, "वहिनी, यंदा तुमचंच."
चांगल्या मनाने म्हणाले.
तिथेच माझे तळवे ओले झाले.

रिंगणात शिरलो आणि काडी बसली.
मी बस म्हटल्यासारखी बसली.
उठवली. परत बसली.
कलेजी दाखवली तर तिने ती
माझ्यावर उपकार म्हणून हुंगली.
स्पीकरवर 'उंबरकर'चं 'अंबरनाथकर' झालं,
लोक हसले, नावाला असेल, नसेल.
परीक्षक निपाणीच्या एक वयस्कर बाई.
त्यांनी कुत्रीकडे पाहिलं, मग माझ्या मुठीकडे.
"मादी उत्तम आहे," म्हणाल्या,
"पट्टा जरा सैल धरा.
तुमच्या पोटात काय चाललंय
ते सगळं यातून खाली उतरतं."
आणि पुढच्या कुत्र्याकडे वळल्या.

परतताना विटाव्यापर्यंत कुणी बोललं नाही.
मग रेणू म्हणाली, "काकांनी विचारलं तर?"
"सांग, भाग घेतला."
काडी मागच्या सीटवर
पाय वर करून झोपलेली.
प्रवेश फी, गाडीचं भाडं, नवा पट्टा,
मी मनात बेरीज करत होते
आणि ती झोपेत पळत होती.

रात्री जेवण उरकून खाडीकडच्या मोकळ्या प्लॉटवर
तिचा पट्टा काढला.
गेली.
अंधारात वाळूच्या रंगाची एक रेघ,
पत्र्याच्या कुंपणापर्यंत, तिथून परत,
परत कुंपणापर्यंत,
मला फक्त नखांचा आवाज.
बऱ्याच वेळाने आली, तोंडात एक चप्पल.
माझ्यापुढे थांबली
आणि उभी राहिली:
चार पाय चार चौकटींत,
मागचे जरा लांब, मान वर,
शेपूट अशी, की सहा महिन्यांत कधी सुचली नव्हती.
दिव्याखाली वॉचमन डबा खात होता,
जालन्याकडचा, नवीन.
त्याचा घास हातातच राहिला.
"काय उभी ऱ्हायलीय हो," म्हणाला,
आणि जरा थांबून,
"ताई, चप्पल माझी हाय."