बाटली नंबर सतरा

पोटुशी म्हणायचे नत्थूजी तिला.
वर नळी, खाली नळी, मधे फुगीर काच
आणि मानेवर एकच रेघ.
"एक रेघ, एक माप. दुसरं काही मांगू नको तिले."

कॉलेजात सर फळ्यावर असत,
प्रयोगशाळा नत्थूजींच्या ताब्यात:
स्पिरिटचा दिवा, घासणी, फुटलेल्या काचेचं रजिस्टर,
ॲसिडनं भोकं पाडलेला खाकी शर्ट.
तेव्हा तोंडानंच ओढायचो आम्ही.
एकदा कॉस्टिक जिभेवर आलं,
आधी साबणासारखं बुळबुळीत, मग आग.
नत्थूजी माठातून तांब्यावर तांबे देत राहिले,
"थुक. अजून थुक. हे पोट्टी पास होते बाप्पा,
चव घेतल्यावर कोनी विसरत नाही."

अंगठा नाही, तर्जनी.
"अंगठा बँकेत लाव. इथं हे बोट. अन् कोरडं."
ओलं बोट नीट सोडत नाही पाणी,
कधी हट्टानं धरून बसतं, कधी भसकन देऊन टाकतं.
जे मोजायचं त्याचीच एक चूळ
आधी पिपेटला भरू द्यायची. ती टाकायची.
मग मोजायचं.

आणि गुडघे वाकव.
"वरून पाह्यलं तं खोटं. खालून पाह्यलं तं खोटं.
पान्याच्या बरोबरीले ये."
पाणी काचेला धरून कडेनं वर चढतं,
मधे खोल राहतं परातीसारखं.
त्या खोलाचा तळ रेघेला टेकला
की श्वासही तिथंच.

आता वरोऱ्यात पाणी तपासते मी.
रबरी फुगा आहे. तोंड लावू नये, असं भिंतीवर लिहिलंय.
सोमवारी जीपमधून बाटल्या येतात,
गळ्यात दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या.
आज सतरा नंबरवर:
बोरमाळी, आखरावरचा हातपंप.

ह्याचा दांडा मला माहीत आहे.
डावीकडे झुकतो, तिसऱ्यांदा हापसल्यावर देतो.
ह्यानंच माझ्या दातांवर
काताच्या रंगाच्या रेघा ओढल्या.
स्थळांना दाखवायच्या फोटोच्या वेळी
फोटोवाला म्हणाला होता, "ओठ मिटून हसा, ताई."
गावात ह्या पाण्याला गोड म्हणतात.
पाहुणा आला की विहिरीचं नाही, हे द्यायचं.

चूळ दिली. टाकली. बोट पुसलं.
पन्नास मिलीच्या रेघेवर ओढून घेतलं,
गुडघे वाकवले
आणि बाबा आठवले, ज्यांचे वाकत नाहीत.
शेंगदाणा खाली पडला तर उचलत नाहीत ते,
काठीनं बाजूला सारतात.
माझा हात हलला नाही.
त्याचंच थोडं वाईट वाटलं.

मग दहा मिली लाल औषध.
चांगल्या पाण्यात ते लाल राहतं,
फ्लोराइड असलं की फिकं पडत जातं.
सोळावा फ्लास्क तर्रीसारखा.
सतरावा, रंग सुटलेल्या लुगड्याचं पाणी.
यंत्रानं आकडा दिला. दीडच्या आत हवा होता.

आता एक माणूस डबा आणि ब्रश घेऊन जाईल,
पंपाला लाल रंग देईल.
इथं उडालेला लाल तिथं जाऊन चढतो.
कोणीतरी म्हणेल, "काहून रंगवता जी,
चांगलं गोड पानी हाय."
बहुतेक बाबाच म्हणतील.

दुसऱ्यांदा करायचं असतं. केलं.
टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवलं,
पाणी आपल्या चालीनं उतरलं,
टोकात एक थेंब राहिला.

फुंकायचा नाही तो.
पहिल्या वर्षी मी फुंकला होता, हिशेब पुरा व्हावा म्हणून,
तेव्हा नत्थूजी एकदाच रागावले:
"तो राह्यनारच हाय. बनवनाऱ्यानं तो धरूनच
रेघ मारली. तू फुंकला तं माप बिघडते."

आकडा तोच.
घरी फोन करायचा आहे.
त्याआधी पिपेट धुवायची आहे,
आणि मी अजून ती तशीच धरून उभी,
टोक खाली.