वहिवाट

बेलपरच्या जुन्या गिरणीमागून नदीकडे उतरणारी पायवाट
नव्या मालकाने फाटक लावून बंद केली.
कुलूप पितळी, अजून चकचकीत.

डेरिक हॅलम दारात आला, काखेत कागदांचा गठ्ठा.
म्हणाला, वीस वर्षं लोक चालले असतील
जोर न करता, न लपता, कुणाला न विचारता,
तर वाट लोकांची. जुना रिवाज,
मागाहून त्याचा कायदा झाला.
तू साक्षीदार हो. तुझं कुत्रं तर रोज जायचं.

कुत्रं जाऊन चार वर्षं झाली.
तरी फॉर्म घेतला.

पहिल्यांदा कधी चाललात?
सत्त्याण्णवचा मार्च. गमबूट शेजारणीचे, एक नंबर मोठे.
कशासाठी?
रात्रपाळी संपवून घरी यायला.
कुणी अडवलं?
एकदा हंसाने.
हंस लिहू नकोस, डेरिक म्हणाला.
मी लिहिला.

त्याच टेबलावर, फळांच्या परडीखाली,
हणमंताने धाडलेलं हक्कसोडपत्र.
गट नंबर दोनशे बारा, एक हेक्टर चाळीस आर,
पोटखराबा धरून.
'बर्मिंगहॅमला वकिलातीत सही कर, ताई.
बहिणी सोडतातच, आपल्यात रीत आहे.
आलीस की साडीचोळी करूच.'

आत्याने सोडलं होतं. आईनेही, मामांसाठी.
अंगठा देऊन आली तेव्हा पदराला शाई पुसत होती.
नवं लुगडं मिळालं म्हणून खूश होती
की नव्हती,
मी विचारलं नाही.

त्या बांधावरून मी किती चालले?
सहाव्या वर्षापासून लग्नापर्यंत,
रात्री लाइट आली की बॅटरी घेऊन, मटकीला पाणी द्यायला,
जोर न करता, न लपता,
विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.
सतरा वर्षं.
इथल्या हिशेबानेसुद्धा तीन कमी.

शेवटच्या पानावर नकाशा काढायचा होता.
गिरणी काढली, नदी, ओढ्यावरचा लाकडी पूल,
फाटकाच्या जागी फुली.
डेरिकने चष्मा चढवला. हा गोल कसला?
विहीर.
इथे विहीर नाही, तो म्हणाला, सावकाश,
जन्मभर एकाच गावात राहिलेल्या माणसासारखा,
आणि खोडरबर पुढे केलं.
खोडली.
कागद तिथे जरा पातळ झाला.

मंगळवारी दहा चाळीसची वेळ मिळाली आहे.
डर्बीला गाडी बदलावी लागते.
पिशवीत पासपोर्ट, दोन फोटो, हणमंताचा कागद
घडी न मोडलेला.
स्टेशनला रस्त्याने वीस मिनिटं, वाटेने नऊ.

फाटकापलीकडे खाजकुइली गुडघ्याएवढी.
सहा आठवडे फक्त कुणी चाललं नाही.
तिकडे एकोणतीस वर्षं.

पिशवी आधी पलीकडे टाकली,
मग फाटकावरून पाय.
हा कायद्याने जोर झाला,
डेरिकला सांगायला नको.