फुल दोन, सोफिया

दारव्हा डेपोतून रिटायर झाले
तईं यायनं पंच घरीच आणला.
खिशात राहते, चष्म्यासंगं.

तीन वर्षं डब्यात पैसे टाकले.
पॅरिसचा भाव ऐकून म्हणे,
"तिथं जातेतच लोकं.
आपण सोफियाले जाऊ."

खोली निघाली आठ खाटांची.
मी म्हटलं, हा तं जानोसाच,
फक्त वऱ्हाडी एकमेकांले ओळखत नाहीत.
वरच्या खाटेवरची पोरगी रात्रभर रडली.
सकाळी तिले पावाले जवसाची चटणी लावून देल्ली,
खाल्ली तिनं. नाव नाही समजलं.

ट्राममंदी तिकीट तपासणारी बाई चढली.
यायले राहवलं नाही,
पंच काढून दांड्यावर वाजवला:
टिक टिक.
बाई हसली. तिकीट उलटंपालटं करून पाह्यलं,
मंग दाराजवळच्या डबीकडं बोट दाखवलं.
तिथं शिक्का मारा लागते म्हणे.
तो राह्यला होता.

दंड झाला. दोन दिवसाचं जेवण गेलं.

मी चिडली. हे म्हणे,
"बरोबर हाये तिचं.
मी असतो तं मीही सोडलं नसतं."

आता चौकात कोणी सोफियाचं विचारलं
का फोटो नाही दाखवत,
पाकिटातून ते पावती काढतात,
घडी सरळ करतात.