बाविसावा

पत्रात वेळ दिली होती सकाळी अकराची.
खाडीला ते पत्र पोचलं नव्हतं.
अकरा वाजता दिवाळ्याच्या धक्क्याखाली नुसता चिखल,
चिखलात निवटे उड्या मारणारे,
आणि 'चांगुणा' एका कुशीवर कलंडून
पाण्याची वाट बघत पडलेली.

अडीचला भरती चढली. तोवर हिराजी तांडेलांनी
मला तीन चहा पाजले,
तपासणीवाल्या बाईला चहा चालतो का
हे एकदाही न विचारता.

मग लाइफ जॅकेटं. सव्वीस.
पैकी चार पोरांची. पट्टे, बकल, चमकती पट्टी.
मी प्रत्येकाची शिट्टी ओढणीनं पुसून वाजवते.
नियमात 'शिट्टी असावी' एवढंच आहे,
वाजावी असं कुठे लिहिलेलं नाही.
सतरावी वाजली नाही.
आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं.
हिराजींची नात टाचणी घेऊन बसली
आणि मान वर न करता म्हणाली,
मॅडम, आत पिल्लू आहे.

फळ्यांवर हातोडी, एकेक वीत सोडून.
अग्निशामकाची तारीख. पंपाचा पाइप.
रिंगबॉयचा दोर मी हातांनी मोजला
तेव्हा हिराजी हसले,
"वाव म्हंजे दोन्ही हात पसरायचे, बाय,
तू तं मिठी मारल्यासारकी मोजतंस."

कोण येतं बोटीवर, विचारलं.
रोहित बघायला येतात, दुर्बिणी घेऊन.
नेरुळचे वाढदिवस येतात, फुगे घेऊन.
आणि कधी कधी मडकं घेऊन चार गप्प माणसं;
त्यांनाही जॅकेट घालावं लागतं,
ती नाही म्हणत नाहीत.

शेवटी बाकडी.
माणशी पंचेचाळीस सेंटिमीटर.
डावीकडे अकरा. उजवीकडेही अकरा बसतात,
पण मग अग्निशामकापर्यंत हात पोचत नाही.
उजवीकडे दहा.
बाजूवर जुन्या निळ्या रंगात लिहिलेलं: प्रवासी २२.
मी कागदावर एकवीस लिहिलं.

"एका मानसानं खारीला काय फरक परतं?"
रागानं नाही, खरंच विचारलं त्यांनी.
दिवसाच्या चार फेऱ्या, चार तिकिटं,
नातीची फी. हिशेब त्यांनी बोटांवर केला,
मी बघितला, आणि खाडीकडे बघू लागले.

मी मंगळवेढ्याची. आमच्याकडे पाणी
हंड्यानं मोजायचे, त्यात कोणी बुडायचं नाही.
मला पोहता येत नाही.
हे माझ्या कुठल्याच फॉर्मवर विचारलेलं नाही.

चाचणीफेरीला निघालो. मी जॅकेट घातलं.
हिराजींना सांगितलं, तुम्हीपण.
चौसष्ट वर्षं उघड्या अंगानं या पाण्यात गेलेला माणूस
बकल कुठून लावायचं ते नातीला विचारत राहिला.
पुलाच्या खांबापाशी उजवीकडे वळण, मग डावीकडे,
मग इंजिन उलटं. थांबायला अकरा सेकंद.
लिहिलं.

परतताना धक्क्यावर एक माणूस उभा दिसला.
कुणाची तरी वाट बघत असेल,
किंवा मासळीवाला असेल, काही नसेलही.
पण मला तो बाविसावाच वाटला.
प्रत्येक बोटीमागे मी असा एक मागे ठेवते:
तिकीट काढायला आलेला, नाही म्हटल्यावर चिडलेला,
सरकारच्या नावानं बोटं मोडत
दुसऱ्या फेरीसाठी उन्हात थांबलेला.
त्याचं नाव मला कधी कळत नाही.
तो घरी जाऊन सांगतो, दिवस फुकट गेला.

सही केली. एक अट टाकली:
आकडा आठ दिवसांत नव्यानं रंगवावा.
हिराजी म्हणाले, दुसरा दोन खोडून एक करतो, रंग वाचंल.

सतराव्या शिट्टीचं राहिलंच.
नातीनं ती जॅकेटापासून सोडवून
चहाच्या टपरीच्या पत्र्यावर ठेवली होती,
उन्हात, भोक वर करून.
नवी लावू, म्हणाली. माशी उडाली की ही धुऊन घेईन.
मी रकान्यात लिहिलं: पंचवीस.