कलबूत

बाल्ताझार यांचा डावा पाय
वडिलांनी लाकडात धरून ठेवला होता एकोणीस वर्षं.
अंगठ्यामागे चामड्याची चकती डकवलेली,
तिच्यावर पेन्सिलीनं: इथे दुखतं.

फेल्गेइरासच्या आमच्या दुकानात आता रंधा पडून आहे,
स्कॅनर चालतो. मी कलबूत हळूहळू फिरवते,
पडद्यावर पाय उगवतो, अक्षरांसकट.

ओबीजेमध्ये अक्षरं टिकतात,
पण वेगळ्या चित्रात, वेगळ्या फाइलीत;
एक पाठवली, दुसरी विसरली
की पाय कोरा, पांढराफटक.
स्टेपला हवेत शुद्ध वक्र, गणितात बसणारे.
बाल्ताझार यांचा पाय बसत नाही.
आणि एसटीएल: त्रिकोण, नुसते त्रिकोण,
साडेचार लाख.
रंग नाही.
आकडे आहेत, पण कशाचे ते नाही.

प्रिंटरला तेवढंच कळतं,
म्हणून तेच पाठवलं. इंचांत.
त्यानं मिलिमीटर समजून जे छापलं
ते घेवड्याच्या दाण्याएवढं.
आर्मिंदोनं चिमटीत धरून विचारलं,
मुंगीनं बूट शिवायला टाकलेत का?

दुसऱ्यांदा बरोबर आलं.
चकतीचा उंचवटा जागच्या जागी,
पण कडा कुठेच नाही,
जणू पाय जन्मापासून असाच.
मी पेन्सिल घेतली.
प्लास्टिकवर शिसं धरेना.

गुरुवारी बाल्ताझार आले. मोजा काढला,
बोट ठेवलं
उंचवट्याच्या दोन बोटं पलीकडे.
इथे, म्हणाले. बरीच वर्षं झाली.
तुझ्या वडिलांना सांगायचं राहून गेलं.

मी चामड्याचा तुकडा शोधते आहे.