डावा मुका आहे

लेइदा क्रूसने फोनवर एवढंच सांगितलं:
डावा मुका आहे.
जणू घरात दोन भाऊ राहतात
आणि त्यातला एक कालपासून रुसलाय.

तार्तू, उणे एकोणीस. लिफ्ट बंद.
पाच मजले चढताना पिशवीतली अवजारं
माझ्या गुडघ्यांच्या आधी कुरकुरली.
चाळीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात काढली,
दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात;
आता म्हातारी माणसं मला स्पीकरसाठी बोलावतात.

"तार्मो म्हणतो फेकून दे," ती म्हणाली,
"तो एक पांढरा डबा आणतोय,
सांगितलं की गाणारा."
मी म्हटलं, थांबा.
रोग म्हशीला आणि औषध पखालीला,
असले पैसे मी कधी घेतले नाहीत.

आधी अदलाबदल. अँप्लिफायरच्या पाठीमागे
डाव्याची तार उजवीकडे, उजव्याची डावीकडे.
मुकेपण सरकलं तर दोष पेटीच्या पोटात.
जागीच राहिलं तर तारेत, नाहीतर स्पीकरमध्ये.
राहिलं जागीच.

मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला,
स्पीकरच्या दोन टोकांना टेकवला.
टक्.
कागदाचा कोन जरासा पुढे आला,
झोपेतल्या माणसाने "हं" म्हणावं तसा.
जिवंत आहे, मी म्हणालो.
तिने एप्रनला हात पुसले. कोरडेच होते.

राहिली तार.
कपाटामागून, गालिच्याखालून, रेडिएटरच्या कडेने
चाचपत गेलो, रांगत.
आरामखुर्चीच्या पायाखाली सापडलं:
रोज थोडं थोडं चिरडलेलं तांबं, हिरवं पडलेलं.
शेवटचा तंतू
काल कधीतरी, ती बसताना किंवा उठताना,
तुटला असणार.

दोन्ही शिरा करड्या, सारख्याच.
एकीच्या कडेला मात्र बारीक उंच रेघ असते,
ती डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला कळते.
सोललं, पिळलं, आवळलं.
तांबड्याला तांबडं, काळ्याला काळं.
आधी कुणीतरी उलटं जोडलं होतं, मी म्हणालो.
"कल्योने. अठ्ठ्याऐंशी साली. जेवायचं थांबलं होतं."

मला हसू आलं. इतकी वर्षं
एक कोन पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे,
लांब करवतीच्या दोन टोकांना धरलेल्या माणसांसारखे,
आणि मधला खर्ज
भुशासारखा खाली पडायचा.

तिने तबकडी लावली. विल्यांदीच्या शाळेतलं
समूहगायन; धाकटी बहीण विर्वे तिसऱ्या रांगेत.
खर्ज आला, फरशीतून वर चढला.
चाळीस गळे दोन स्पीकरांच्या बरोबर मधे
नीट रांगा करून उभे राहिले.
मला वाटलं, आता कॉफी मिळेल.

लेइदा मात्र मान वळवून खिडकीकडे बघत होती.
"विर्वे इथे असायची," ती म्हणाली,
आणि डाव्या कानामागची हवा दाखवली.
"आता तिकडे जाऊन उभी राहिली.
सगळ्यांच्यात."

याला शास्त्र आहे. सांगता आलं असतं:
उलट्या जोडणीत आवाजाला मध्य उरत नाही,
तो भिंती धरून खोलीभर हिंडतो,
कधी पाठीशीही येऊन थांबतो.
पण मला एक्सचेंजातली एक रात्र आठवली,
चुकीचा नंबर लागून
दोन अनोळखी माणसं वीस मिनिटं बोलत राहिली.
मी लाइन तोडली नव्हती.

स्क्रू सैल केले.
तांबड्याला काळं, काळ्याला तांबडं.
खर्ज गेला.

बिलावर काय लिहू, मी विचारलं.
"तार बदलली," म्हणाली
आणि बोट ओठांवर ठेवलं,
स्पीकरांकडे पाठ करून.

कॉफी राहिली
हे लिफ्टपाशी आठवलं.
लिफ्ट अजून बंदच होती.