नळीचा गळा

अडुसष्ट साली, ज्वारी घरात आल्यावर,
तीस इंची नळीची दुनळी कापडात गुंडाळून
मी परभणीला गेलो, बशारत मिस्त्रींच्या दुकानात.
लांब नळी लांब मारते,
असं बोरीच्या साहेबरावांनी सांगितलेलं.
मिस्त्रींनी बंदुकीला हातच लावला नाही.
चहा मागवला. बशीत ओतून प्यायले.
मग विचारलं,
"तुमच्या रानात तित्तर किती पावलांवरून उठतो?"

पाच वर्षं त्याच्या मागं फिरत होतो,
एकदाही मोजलं नव्हतं.
"मोजून या. ही इथंच राहू द्या."

आठ दिवस रिकाम्या हातानं
येलदरीच्या वरच्या माळावर.
कुसळं धोतरात, बोरीचे काटे पोटरीत.
तित्तर आधी पळतो,
बांधाच्या कडेनं, मान खाली घालून,
उधारी चुकवणाऱ्यासारखा.
मग पायाखालची जमीन फुटावी तसा
फर्रर्र
आणि आपल्याच छातीतलं काहीतरी उडून जातं.
बारा पावलं. पंधरा. एकदा नऊ.
बंदूक खांद्याला लागेपर्यंत वीस, बावीस.
लावे त्याहून जवळून उठतात.
पखुर्ड्या सकाळी पाण्यावर येतात, उंच, लांब,
त्यांचा हिशेब निराळा.

वहीचं पान मिस्त्रींनी दोनदा वाचलं,
खिशातून दोन नव्या पैशांचं नाणं काढलं, नागमोडी काठाचं,
नळीच्या तोंडावर ठेवलं.
आत जाईना.
"गळा आवळलाय हिचा.
चाळीस पावलांवर छर्रा मुठीत धरल्यासारखा जाईल.
विसावर एकतर चुकाल,
नाहीतर ताटात पिसं आणि शिसं."

पडक्या वीटभट्टीच्या भिंतीला
अखबाराचं पान चिकटवलं. वीस पावलं. सहा नंबर.
मधोमध बशीएवढं भगदाड,
कडेचा सगळा मजकूर शाबूत.
"हा तुमचा तित्तर," मिस्त्री म्हणाले.

"मग नळी कापू या दोन इंच?"
साहेबरावांच्या पुतण्यानं लोहाराकडून कापून घेतली होती.
मिस्त्री हसले नाहीत.
"गळा टोकाशीच असतो. टोक गेलं की गळा गेला.
मग ती बंदूक नाही, पाइप. लग्नात वाजवा.
आणि लांब नळी लांब मारत नाही, साब,
सावकाश फिरते, एवढंच.
बाभळीत अडकेल. सांभाळून चाला."

चार दिवस तेल आणि रीमर.
लोखंडाचा भुगा किती निघाला?
तपकिरीच्या चिमटीएवढा.
उजवी मोकळी केली, डावी तशीच ठेवली.
"पहिला बार चुकला,
तर तोवर तो पस्तिसावर गेलेला असतो.
डावी तेव्हासाठी."

पुन्हा तीच भिंत, दुसरं पान.
या वेळी भोकं सगळीकडे, बाजरी पेरल्यासारखी.
मिस्त्री सुईच्या टोकानं मोजत बसले,
दोनशे सतरा.
खाली डाव्या बाजूला एक जागा कोरी राहिलेली,
बरोबर पक्ष्याएवढी.
मी म्हटलं, हे भरून निघेल का?
"नाही," ते म्हणाले. "ते त्याचं."
पैसे मोजून घेतले. नाणं खिशात टाकलं. गेले नमाजाला.

पुढं कायदा आला.
बंदूक भिंतीवर, तेल दर दसऱ्याला.
निवडणूक लागली की जिंतूरच्या ठाण्यात जमा.
यंदाचा शिपाई पोरगेला होता. त्यानं लिहिलं:
बारा बोर, दुनळी, तीस इंच, चालू.
मी म्हटलं, उजवीचा गळा मोकळा आहे.
त्यानं वर बघितलं. रकाना नव्हता.
"सही करा, काका."

येताना एसटी सोडून माळावरनं चालत आलो.
दिवस कलला होता. करडाच्या पलीकडून
कितीतर, कितीतर, कितीतर,
मोजणीला बसल्यासारखा एकजण ओरडत होता.
मोजायची सवय माझीही सुटलेली नाही.
अकरा पावलांवर उठला.
हात रिकामे होते,
म्हणून आकडा नीट लागला.